एडिसनचा दर्यासारंग

दर्यासारंग हे नाव त्याला मंडळातल्या टवाळांनी दिलं आणि त्यानं ते विनातक्रार घेतलं. टोमणा कळायला जेवढं लक्ष लागतं तेवढं त्याच्यापाशी शिल्लकच नसतं. ह्या दर्यासारंगाला पोहता येत नाही. होडीत पाय ठेवला की मळमळतं. जन्म जत तालुक्यातला. पाण्याचा टँकर आला की मास्तरच वर्ग सोडून द्यायचे, असल्या गावातला. समुद्र पहिल्यांदा दिसला तो आठवीच्या सहलीत, गणपतीपुळ्याला. आज न्यू जर्सीत, एडिसनला, त्याच्या दिवाणखान्यात चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच काचेत स्वतःच्या मालकीचा समुद्र आहे. १२० गॅलन, म्हणजे साडेचारशे लिटर खारं पाणी. त्यात जिवंत प्रवाळ, दोन क्लाउनफिश, एक पिवळा टँग, कोळंब्या आणि शंखातल्या गोगलगायी. वर निळा दिवा. खाली तळघरात, टॉयलेट पेपरच्या थप्पीशेजारी, पंप, स्किमर, हीटर आणि नळ्यांचं जंजाळ.

असला एखादा नग अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी वस्तीत असतोच. कुणी पावाच्या आंबवणाचं तापमान वहीत टिपतो, कुणी लॉनची माती प्रयोगशाळेत पाठवतो, कुणी छतावरच्या सोलर पॅनेलचे आकडे ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली बघतो. नोकरी बहुधा सॉफ्टवेअर तपासण्याची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्याचे पैसे मिळतात. संध्याकाळी घरातल्या शोधायच्या, त्याला पैसे लागतात. ह्या जातीतले रीफवाले, प्रवाळाची टाकी पाळणारे, म्हणजे सगळ्यांत पोहोचलेले. लोकांना वाटतं त्यांना माशांचं वेड आहे. माझ्या मते हा माणूस मासे पाळत नाही, संशय पाळतो. मासे ठेवलेत ते त्या संशयाची आबाळ होऊ नये म्हणून.

पुरावा हवा असेल तर त्याच्या घरी जेवायला जावं. पोरं काचेला नाक लावून क्लाउनफिश बघत असतात. मोठ्यांपैकी कुणीतरी ‘ह्यात पापलेट नाही का ठेवत?’ हा विनोद करतं. तो दर वेळी होतो आणि दर वेळी नवा समजला जातो. यजमान टाकीकडे पाठ करून उभा. त्याच्या हातात फोन, फोनवर टाकीचं तापमान, ७८ फॅरनहाइट. ‘क्षारता ३५, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००,’ तो आमटीची वाटी हातात देता देता सांगतो. ‘हा जांभळा किती सुंदर आहे!’ असं तुम्ही एखाद्या प्रवाळाबद्दल म्हणालात, तर तो एकदम काळजीत पडतो. जांभळा? गेल्या आठवड्यात तर निळा होता.

पूर्वी ही मंडळी परीक्षानळीत थेंब टाकून रंग बघायची आणि पाच-सात गोष्टी कळल्या की सुखानं झोपायची. ती झोप उडवली आयसीपी नावाच्या तपासणीनं. तिच्यात पाण्याचा बारीक फवारा आर्गॉन वायूच्या धगधगत्या प्लाझ्मात सोडतात. तिथलं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाहूनही जास्त. त्या धगीत प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश टाकतं. तांब्याची एक ठळक रेघ ३२४.७ नॅनोमीटरवर असते. ती किती लख्ख दिसते त्यावरून तांबं किती ते ठरतं. प्रयोगशाळांमधली ही पद्धत ट्रायटन ह्या जर्मन कंपनीनं घरगुती टाकीवाल्यांच्या हाती दिली, मग इतरांनीही दुकानं थाटली. आता चिमुकल्या बाटलीत पाणी भरायचं, टपालात टाकायचं आणि वाट बघायची. पंचवीस-तीस मूलद्रव्यांचा तक्ता येतो. व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, बेरियम… दहावीच्या परीक्षेनंतर ज्यांच्याशी आपला काही संबंध उरला नव्हता, त्यांच्या तब्येतीची चौकशी पुन्हा सुरू होते.

२०२२च्या ऑगस्टमध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन अटलांटिक सिटीला झालं. लोक नाटकं बघत होते, जुने वर्गमित्र शोधत होते, जेवणाच्या रांगेत मुलांची लग्नं जमवत होते. हा बोर्डवॉकवरून वाळूत उतरला, नव्या कुर्त्याखालची सुरवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि अटलांटिक महासागराचं पाणी बाटलीत भरून घेऊन आला. ‘तुलनेला अस्सल नमुना नको?’ अहवाल आला तेव्हा महासागरात दोन-तीन गोष्टी कमी भरल्या. ‘मेंटेनन्स कमी पडतंय,’ तो म्हणाला. हसला नाही.

तर अशा ह्या माणसाच्या अहवालात एका उन्हाळ्यात तांबं निघालं. लिटरमागे ११ मायक्रोग्रॅम.

हा आकडा तुम्हा-आम्हाला काहीच नाही. आपल्या नळाच्या पाण्यात ह्याच्या कितीतरी पट असू शकतं आणि आपण त्याच पाण्याचा चहा पितो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं १९९१ साली शिसं आणि तांबं यांसाठी जो नियम केला, त्यात पिण्याच्या पाण्यातलं तांबं लिटरमागे १.३ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं तरच पाणीपुरवठेवाल्यांना हालचाल करावी लागते. १.३ मिलिग्रॅम म्हणजे १३०० मायक्रोग्रॅम. खुल्या समुद्रात वरच्या थरात तांबं एका मायक्रोग्रॅमच्याही आत असतं. ज्या पाण्याला सरकार शुद्ध म्हणतं, ते प्रवाळाला विष.

गंमत अशी की कोळंबी, खेकडे, गोगलगायी यांच्या रक्तातच तांबं असतं. आपलं रक्त लोखंडावर चालतं, त्यांचं तांब्यावर. म्हणून प्राणवायू मिळाला की ते निळं दिसतं. न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला डेलावेअर उपसागराच्या वाळूत मे-जूनमध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचे हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला हजारोंनी चढतात, त्यांचं रक्तही असंच निळं. आणि ह्याच जिवांना पाण्यात मोकळं तांबं जरा वाढलं की आधी झटका बसतो. माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला तर औषध म्हणून तांबंच घालतात, पण वेगळ्या टाकीत. मासा वाचतो, कारण रोगाचा जंतू त्याच्या आधी मरतो. ह्या टाकीत दोन गोगलगायी उताण्या पडल्या होत्या आणि झोअँथिड नावाची बटणाएवढी प्रवाळफुलं दिवसाढवळ्या मिटून बसली होती. दर्यासारंगानं ऑफिसात ‘फॅमिली इमर्जन्सी’ कळवली. वहिनी म्हणाल्या, ‘माझ्या बाळंतपणात दोन दिवस आला होतास.’

त्याची आई तेव्हा जतहून सहा महिन्यांच्या मुक्कामाला आली होती. येताना ताम्हण, पळी, पंचपात्री आणि पाणी प्यायचा तांब्या, सगळं तांब्याचं, साडीत गुंडाळून घेऊन आली होती. तपासाची दिशा कुठे वळणार हे कुत्र्यालाही कळलं असतं.

पण ह्या मायलेकांचं एका गोष्टीत आश्चर्यकारक जमत होतं. टाकीत घालायचं पाणी तो तळघरात गाळतो: आधी गाळ, मग कार्बन, मग आरओची पातळ पडदी, शेवटी रेझिन. मीटरवर शून्य आलं की तेच पाणी घ्यायचं. त्या पाण्याची बादली वेगळी, औषधाच्या टाकीची वेगळी, फरशीची वेगळी. औषधाच्या बादलीला लाल टेप. ती बादली ह्या बादलीला टेकली तरी ही बाद. टाकीत हात घालण्यापूर्वी कोपरापर्यंत धुवायचे; क्रीम नको, सनस्क्रीन तर नकोच, त्यात झिंक ऑक्साइड असतं. आई हे सगळं पदर खोचून बघत होती. ‘म्हणजे सोवळं की रे हे,’ ती म्हणाली. ‘तुझ्या आजीचं असंच होतं. तू तिला हसायचास.’ त्यानं रेणू, आयन वगैरे समजावायला सुरुवात केली. तिनं ऐकून घेतलं. ‘तेच म्हणते मी. आजीला कारण सांगता येत नव्हतं, तुला येतंय. बादली दोघांचीही कुणी शिवायची नाही.’ त्या दिवसापासून ती त्याची एकनिष्ठ शिष्या झाली. सून लाल टेपच्या बादलीजवळ गेली तरी ही वरून ओरडायची.

फक्त एक गोष्ट तिला सोसवेना. आरओतून एक बादली स्वच्छ पाणी निघायला तीन-चार बादल्या पाणी गटारात जातं. टँकरच्या रांगेत आयुष्य गेलेल्या बाईला हे बघवेल कसं? तिनं ती नळी ओढून पिंपात सोडली. त्या पाण्यावर मागच्या अंगणात वांगी, टोमॅटो, कढीपत्ता, झेंडू असा मळा उभा राहिला. साडेचारशे लिटर समुद्रापेक्षा शेजाऱ्यांनी कौतुक केलं ते वांग्यांचं.

तपास पद्धतशीर सुरू झाला. पहिला आरोपी, पाणीपुरवठा कंपनी. इथे दर वर्षी १ जुलैच्या आत प्रत्येक ग्राहकाला पाण्याच्या दर्जाचा अहवाल द्यावा लागतो. लोक तो पिझ्झाच्या कूपनांबरोबर फेकून देतात. ह्याच्याकडे सगळ्या वर्षांचे फाइल केलेले. ‘नेवार्कनं तीन वर्षांच्या आत तेवीस हजारांवर शिशाचे नळ बदलले,’ तो मला म्हणाला, ‘आणि आपण आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पितळ तपासत नाही!’ मी ‘खरंय’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण आरओचं पाणी वेगळ्या बाटलीत तपासायला गेलं, त्यात तांबं नव्हतं. मिठाचं पोतं सुटलं. नळीवरचा स्टीलचा क्लॅम्प सुटला. दिव्याचे स्क्रू सुटले, पण त्यांना ताकीद मिळाली. त्यांच्यावर मीठ साचून ते थेंबाथेंबानं टाकीत उतरतं.

मग त्यानं गणित मांडलं. ४५० लिटर गुणिले ११ मायक्रोग्रॅम म्हणजे एकूण पाच मिलिग्रॅम तांबं. पाच मिलिग्रॅम! इथली एक सेंटची पेनी १९८२ पासून जवळजवळ सगळी जस्ताची असते, वर नुसता तांब्याचा मुलामा. पेनी अडीच ग्रॅमची, मुलामा अडीच टक्के, म्हणजे बासष्ट मिलिग्रॅम. ‘एका पेनीच्या मुलाम्याचा बारावा भाग,’ त्यानं घरातल्या सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवून विचारलं, ‘कुणी पेनी टाकली?’

मुलगी म्हणाली नाही. मुलगा म्हणाला नाही. आजी गप्प.

‘आई?’

‘पेनी नाही रे टाकली,’ ती म्हणाली. ‘आल्या दिवशी रुपाया टाकला. एवढं पाणी दिसलं, हात जोडले, नाणं टाकलं. कृष्णेला नाही का टाकत?’

बाही वर करून तो खांद्यापर्यंत आत उतरला. दगडांच्या मागे रुपया सापडला, कडेला गंजाचा ठिपका पडलेला. त्यानं लगेच नाण्याची घडण शोधली: हल्लीचा रुपया स्टेनलेस स्टीलचा, लोखंड आणि क्रोमियम. तांबं नाही. तांब्याच्या आरोपातून आई सुटली. लोखंडाचं काय ते पुढे बघू, म्हणाला.

पण संशयाला एकदा घर सापडलं की ते सहजी सुटत नाही. आई ताम्हण चिंचेनं घासते. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळपटपणा विरघळवतं. म्हणूनच भांडं चकाकतं आणि धुतलेलं पाणी हिरवट निघतं. ते धुणं होतं त्याच सिंकमध्ये हा आठवड्याला फिल्टरचे मोजे खळबळतो! दुसऱ्या दिवशी ताम्हण, पळी, पंचपात्री गॅरेजमध्ये हलली. आईनं देवपूजा गॅरेजमध्ये, हिवाळी टायर आणि लॉन-मोअरच्या मध्ये, मुकाट्यानं चालू ठेवली. वहिनी मात्र दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यात गणपती आले. पोरांनी सहज विचारलं, ‘बाबा, विसर्जन बादलीत कशाला? आपला ओशन आहे ना?’ त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मूर्ती शाडूची होती, पण रंग? त्यानं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० सालची मूर्तिविसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं छापून फ्रिजवर लावली. आरतीला आलेली मंडळी आरतीचं पुस्तक समजून तीच वाचायला लागली.

इकडे पाणी स्वच्छ करणं चालू होतंच. नवा कार्बन, तांबं धरून ठेवणारं रेझिन, एक पांढरी शोषक गादी जी तांबं धरलं की निळसर पडते. ती तो सकाळ-संध्याकाळ दिव्यासमोर धरून बघायचा. प्रत्येक वेळी पाचवा हिस्सा पाणी बदलायचं. असं तीन वेळा केलं की निम्मं तांबं उरतं, दहा वेळा केलं की दहावा हिस्सा. शून्य मात्र कधीच होत नाही. शिवाय टाकीतले दगड तांबं पितात आणि पाणी निवळलं की सावकाश परत सोडतात. ह्या वादाचा त्याला इतिहासही पाठ. २००२च्या सुमारास रॉन शिमेक ह्या प्राणिशास्त्रज्ञानं घरगुती टाक्यांत धातू समुद्रापेक्षा कितीतरी जास्त साचतात असं लिहिलं, आणि माशांच्या खाद्याकडेही बोट दाखवलं. रँडी होम्स-फार्ली हे रसायनशास्त्रज्ञ सांगतात की पाण्यातलं बरंचसं तांबं सेंद्रिय पदार्थांना चिकटलेलं असतं, तेवढं घातक राहत नाही. मी हे दुसरं ऐकून हुश्श केलं. त्यानं केलं नाही. दिलासा देणारा तज्ज्ञ त्याला नेहमी कच्चा वाटतो.

खरा प्रकार उघडकीस आणला तो आईनं. टाकीच्या आतून काच घासायला चुंबकांची जोडी असते: एक आत, एक बाहेर. बाहेरचं ओढलं की आतलं मागून येतं. एका दुपारी ती काचेशी खुर्ची टाकून जप करत होती. संध्याकाळी तो आल्यावर म्हणाली, ‘अरे, ह्याचा पोपडा निघालाय बघ. कल्हई गेलीय ह्याची.’

त्यानं ते बाहेर काढलं. प्लॅस्टिकच्या कवचाला केसाएवढी चीर, आत फुगलेलं तपकिरी चुंबक. असली निओडिमियमची चुंबकं गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर निकेल, मग तांबं, मग पुन्हा निकेल असे थर देतात. खारं पाणी चिरेतून आत शिरलं आणि थर उलगडत गेले. ‘कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं,’ आई म्हणाली. ‘एवढं तर आमच्याकडे पोरींनाही ठाऊक असतं.’ त्यानं जुना अहवाल पुन्हा उघडला. तांब्याच्या खालीच काही ओळी सोडून निकेल होतं, तेही वाढलेलं. तांबं दिसताच त्याच्या डोळ्यांसमोर ताम्हण उभं राहिलं होतं. पुढच्या ओळी वाचायची त्याला गरजच वाटली नव्हती.

आईची माफी त्यानं आपल्या पद्धतीनं मागितली. देवांची भांडी गॅरेजमधून वर आणली आणि ती ठेवायला, टाकीपासून सुरक्षित अंतरावर, नवा मार्बलचा देव्हारा घेतला. अंतर टेपनं मोजलं.

एवढ्यावर थांबला असता तर तो दर्यासारंग कसला? आता त्याला धातूचा एक कणही टाकीत नको होता. सगळ्या जुन्या नळ्या उपटल्या, नव्या पीव्हीसीच्या बसवल्या. खालच्या टाकीचे सांधे नव्या सिलिकॉननं भरले. पंप बदलले. त्या खर्चात जतला कूपनलिका झाली असती, असं वहिनींनी सांगितलं. नवऱ्याला नाही, मला. गोगलगायी नव्या आणल्या. झोअँथिड उमलले. नोव्हेंबरात आई परत गेली. विमानतळावर नातवाला बजावून गेली की लाल टेपच्या बादलीला हात लावू नकोस.

पुढचा अहवाल आला. तांबं: सापडलं नाही. निकेल: सापडलं नाही. कथिल: लिटरमागे १८ मायक्रोग्रॅम.

कथिल ह्या छंदात सगळ्यांना कधी ना कधी भेटतं. पीव्हीसी तापवताना बिघडू नये म्हणून त्यात कथिलाची संयुगं मिसळतात, काही सिलिकॉनमध्येही ती असतात. नवं सामान लावलं की काही काळ ती पाण्यात उतरत राहतात. त्याला हे ठाऊक नाही असं नाही. ह्यावर तो स्वतः दुसऱ्यांना तासभर ऐकवतो. मी तेव्हा त्याच्याच घरी बसलो होतो. तो अहवालाकडे बघत राहिला, मग टाकीकडे, मग स्वयंपाकघराकडे. घड्याळात न बघता त्यानं फोन लावला. जतला पहाटेचे साडेचार वाजले असावेत.

‘आई, झोपली होतीस का? बरं, ऐक. तू जाताना ते पितळेचं पातेलं ठेवून गेलीस ना इथे… त्याला कल्हई शेवटची कधी केली होतीस गं?’